वाचकांचे प्रश्न : पीसीओएसचे औषध नेमके कशासाठी?

या सदराकडे गेल्या काही महिन्यांत पॉलिसिस्टिक ओव्हरी सिंड्रोम, म्हणजे पीसीओएस, या विषयावरची पत्रे इतकी आली आहेत की या अंकातील सगळी जागा त्यांनाच देत आहे. पत्रे संक्षिप्त केली आहेत आणि ओळख पटेल असे तपशील वगळले आहेत. सगळी पत्रे एका बैठकीत वाचताना जाणवले ते असे, की बहुतेकींच्या हातात औषधाची चिठ्ठी आहे, परंतु ते औषध कोणत्या कामासाठी दिले आहे हे त्यांना कोणी सांगितलेले नाही. ते ठाऊक नसल्यामुळे गोळी मध्येच सोडली जाते, नको तितकी वर्षे घेतली जाते किंवा भीतीपोटी सुरूच होत नाही. म्हणून प्रत्येक उत्तरात तेवढे तरी स्पष्ट करण्याचा प्रयत्न केला आहे. औषध सुरू करणे, बदलणे किंवा थांबवणे हे मात्र तपासणाऱ्या डॉक्टरांशी बोलूनच ठरवावे.

प्रश्न : मी २३ वर्षांची असून पुण्यात स्पर्धा परीक्षेची तयारी करते. पाळी अडीच-तीन महिन्यांनी येते, हनुवटीवर राठ केस येतात आणि सोनोग्राफीच्या अहवालात दोन्ही बाजूंना अनेक सिस्ट असल्याचे लिहिले आहे. डॉक्टरांनी सहा महिने गर्भनिरोधक गोळ्या दिल्या, तेव्हा पाळी वेळेवर आली. गोळ्या बंद केल्या आणि पुन्हा पहिल्यासारखे झाले. आई म्हणते, लग्नाआधी असल्या गोळ्या घेतल्या तर पुढे मूल होणार नाही. दिवसभर अभ्यासिकेत बसून असते, जेवण मेसचे आहे. गोळ्या पुन्हा घ्याव्यात का? आणि या सिस्ट काढून टाकता येतील का?

उत्तर : सिस्टचा धसका आधी मनातून काढून टाका. अहवालात ज्यांचा उल्लेख आहे ते २ ते ९ मिलिमीटर आकाराचे, द्रवाने भरलेले कोष असून प्रत्येकात एक अपरिपक्व स्त्रीबीज असते. एरवी यातील एक कोष दर महिन्याला वाढत जाऊन सुमारे २० मिलिमीटरचा होतो, फुटतो आणि बीज बाहेर पडते. पीसीओएसमध्ये ही वाढ अर्ध्यावर अडते आणि अडलेले कोष बीजांडकोषाच्या कडेने साचत जातात. ते या विकाराचा परिणाम आहेत, त्याचे मूळ नव्हे, त्यामुळे ते काढून टाकण्याचा प्रश्न उद्भवत नाही. शिकागोच्या स्टाइन आणि लेव्हेंथल या डॉक्टरांनी १९३५ साली सात रुग्णांच्या निरीक्षणांवरून या विकाराचे वर्णन केले, तेव्हा बीजांडकोषाचा काही भाग कापून काढणे हाच उपचार हाती होता. आज दुर्बिणीतून केली जाणारी शस्त्रक्रिया केवळ मूल हवे असलेल्या आणि औषधांनी बीज न सुटलेल्या निवडक स्त्रियांसाठी राखून ठेवली जाते. तुम्हाला तिची गरज नाही.

२००३ साली रॉटरडॅम येथे ठरलेल्या निकषांनुसार अनियमित पाळी, पुरुषी संप्रेरकांचे आधिक्य आणि सोनोग्राफीतील बीजांडकोषांचे विशिष्ट रूप या तीनपैकी कोणतीही दोन लक्षणे असली की पीसीओएसचे निदान होते. तुमच्यात तिन्ही दिसतात. तरीही थायरॉइड, प्रोलॅक्टिन आणि १७-हायड्रॉक्सिप्रोजेस्टेरॉन या रक्ततपासण्या झाल्या आहेत ना, याची खात्री करून घ्या. पाळी लांबण्याची इतर कारणे त्यांवरून कळतात.

आता गोळ्यांविषयी. या विकारात बहुतेकींचे शरीर इन्सुलिनला पुरेशी दाद देत नाही, म्हणून स्वादुपिंड ते अधिक प्रमाणात सोडते. हे जादा इन्सुलिन बीजांडकोषाला पुरुषी संप्रेरक अधिक बनवायला लावते. शिवाय त्या संप्रेरकांना रक्तात बांधून ठेवणारे प्रथिन यकृतात कमी तयार होते, त्यामुळे मोकळ्या संप्रेरकाचे प्रमाण आणखी वाढते. केस, मुरुमे आणि अडलेले बीज यांच्यामागे ही साखळी आहे. गर्भनिरोधक गोळीतील इस्ट्रोजेन नेमके तेच बांधून ठेवणारे प्रथिन वाढवते आणि गोळी बीजांडकोषाला मेंदूतील ग्रंथीकडून मिळणारा संदेशही मंदावते. त्यामुळे पाळी नियमित येते आणि काही महिन्यांनी केसांची वाढ मंदावते. गोळी घेत असेपर्यंत ती हे काम करते; साखळीचे मूळ तिने तोडलेले नसते. गोळ्या थांबल्यावर पाळी पूर्ववत लांबली याचा अर्थ औषध फसले असा नाही आणि औषधाने नुकसान केले असा तर मुळीच नाही.

तुमच्या आईंची भीती मी समजू शकते, कारण ती घरोघरी आहे. परंतु या गोळ्यांनी वंध्यत्व येत नाही. गोळ्या बंद केल्यावर त्या स्त्रीची जी मूळ प्रजननक्षमता असेल ती परत येते. पीसीओएसमुळे मूल होण्यास विलंब लागू शकतो, तो गोळ्या घेतल्या तरी आणि न घेतल्या तरीही. गोळी मात्र सर्वांना चालत नाही. डोळ्यांपुढे चमकणाऱ्या रेषा येऊन सुरू होणारी अर्धशिशी, पूर्वी पायात किंवा फुप्फुसात झालेली रक्ताची गुठळी, वाढलेला रक्तदाब, किंवा पस्तिशीनंतरचे धूम्रपान यांपैकी काही असेल तर इस्ट्रोजेनयुक्त गोळी टाळावी लागते. जवळच्या नात्यात कोणाला तरुण वयात गुठळी झाली असल्यास तेही डॉक्टरांना आवर्जून सांगा. पहिली चिठ्ठी लिहिण्याआधी रक्तदाब मोजलेला असायलाच हवा. न मोजल्यास तुम्ही स्वतः मोजायला सांगा.

गोळ्या घ्यायच्या नाहीत असे ठरवले तरी एक गोष्ट दुर्लक्षून चालणार नाही, आणि माझ्या मते संपूर्ण उपचारातील ही सर्वांत दुर्लक्षित गोष्ट आहे. बीज सुटले नाही तर प्रोजेस्टेरॉन तयार होत नाही, पण इस्ट्रोजेन मात्र गर्भाशयाचे अस्तर वाढवत राहते. ते महिनोन्‌महिने गळून पडले नाही तर जाड होत जाते. अशा अवस्थेत अनेक वर्षे गेल्यास अस्तरातील पेशींत बिघाड होऊन गर्भाशयाच्या अस्तराच्या कर्करोगाचा धोका वाढतो. तरुण वयात हा धोका एकंदरीने थोडाच असतो, पण तो टाळणे आपल्या हाती आहे. पाळी आपणहून येत नसेल तर किमान दर तीन महिन्यांनी प्रोजेस्टेरॉन गटातील गोळ्या दहा ते चौदा दिवस घेऊन अस्तर बाहेर पडू द्यावे. ‘पाळी नाही तर कटकट नाही, परीक्षा होऊन जाऊ दे’ असे म्हणून पाच-सहा महिने काढणाऱ्या मुली मला नेहमी भेटतात. तुम्ही तसे करू नका. गौरी-गणपतीच्या वेळी किंवा लग्नकार्यासाठी पाळी पुढे ढकलण्याच्या गोळ्या दुकानातून परस्पर घेतल्या जातात, त्यांना या उपचाराचा भाग समजू नये. आधीच अनियमित असलेल्या पाळीची नोंद त्यामुळे अधिकच गोंधळते.

तुमच्या पत्रातील अभ्यासिका आणि मेस हे दोन शब्द मला चिठ्ठीइतकेच महत्त्वाचे वाटतात. सदाशिव पेठ आणि नवी पेठेतल्या मेसची थाळी डोळ्यांसमोर आणा: चार पोळ्या, बटाट्याची रस्सेदार भाजी, डाळ शोधावी लागेल असे वरण आणि वर भाताची मूद. पोट भरते, पण प्रथिने थोडी आणि पिष्ट पदार्थ भरपूर, म्हणून दोन तासांत पुन्हा भूक लागते आणि चहाबरोबर क्रीमरोल येतो. मेस सोडण्याची गरज नाही. एक पोळी आणि निम्मा भात कमी करून त्या जागी मटकी किंवा हरभऱ्याची उसळ, वाटीभर दही किंवा दोन उकडलेली अंडी घ्या, आणि दप्तरात क्रीमरोलऐवजी फुटाणे-शेंगदाणे ठेवा. पीसीओएससाठी अमुकच एक आहार इतर सर्व आहारांपेक्षा श्रेष्ठ असल्याचे आजवर सिद्ध झालेले नाही. तुम्हाला वर्षानुवर्षे निभावता येईल आणि परवडेल तो समतोल आहारच योग्य. व्यायामासाठी आठवड्याला किमान १५० मिनिटे दमछाक जाणवेल असे चालणे आणि दोन दिवस स्नायूंना ताकद लागेल असे काही करणे, एवढे उद्दिष्ट पुरेसे आहे. रात्रीच्या जेवणानंतर अर्धा तास झपाझप चालणे, आठवड्यातून दोनदा खोलीतच उठाबशा आणि भिंतीला रेटून जोर, रविवारी पर्वतीच्या पायऱ्या: अभ्यासाचा एक तासही न गमावता हे जमते. वजन जास्त असेल तर त्यातील पाच ते दहा टक्के उतरले तरी अनेकींची पाळी सुधारते. पण वजन जराही हलले नाही तरी व्यायामाने इन्सुलिनला शरीर अधिक दाद देऊ लागते. म्हणून काटा हलत नाही या कारणाने चालणे सोडू नका.

गोळ्या पुन्हा सुरू करायच्या की दर तीन महिन्यांची प्रोजेस्टेरॉनची पद्धत पत्करायची, हे तुम्हाला केसांचा त्रास किती होतो यावर ठरेल. केसांसाठी गोळीचा उपयोग होतो. तीन महिन्यांच्या पद्धतीने केवळ अस्तराचे रक्षण होते.

प्रश्न : माझी मुलगी १४ वर्षांची आहे. पहिली पाळी बाराव्या वर्षी आली. अजून कधी ३० दिवसांनी तर कधी ४० दिवसांनी येते, चेहऱ्यावर थोडी मुरुमे आहेत. एका ठिकाणी सोनोग्राफी करून तिला पीसीओडी (म्हणजे पीसीओएसच) असल्याचे सांगितले आणि वजन कमी करायला सांगितले. तेव्हापासून ती नीट जेवत नाही. काय करावे? — एक आई, कोल्हापूर

उत्तर : तुम्ही लिहिलेल्या माहितीवरून तरी मुलीला पीसीओएस असल्याचे म्हणता येत नाही. पहिली पाळी आल्यानंतर वर्षभर पाळी कशीही आली तरी ती वाढीचाच भाग असते. त्यानंतर तिसऱ्या वर्षापर्यंत २१ ते ४५ दिवसांचे अंतर स्वाभाविक मानतात. तुमची मुलगी या मर्यादेत आहे. या वयात निरोगी मुलींच्या बीजांडकोषांतही भरपूर कोष दिसतात, म्हणूनच पहिल्या पाळीनंतर आठ वर्षे होईपर्यंत निदानासाठी सोनोग्राफीचा आधार घेऊ नये, असे आंतरराष्ट्रीय मार्गदर्शक तत्त्वे सांगतात. किशोरवयात अनियमित पाळी आणि पुरुषी संप्रेरकांच्या आधिक्याची स्पष्ट लक्षणे ही दोन्ही असल्याखेरीज निदान करायचे नसते, आणि चार मुरुमे हे काही असे स्पष्ट लक्षण नव्हे.

निकष बदलले की आकडे किती बदलतात याचे आपल्याकडचेच उदाहरण आहे. परळच्या राष्ट्रीय प्रजनन आरोग्य संशोधन संस्थेच्या संशोधकांनी मुंबईतील किशोरवयीन आणि तरुण मुलींची पाहणी केली होती, तिचे निष्कर्ष २०१४ साली प्रसिद्ध झाले. रॉटरडॅमच्या निकषांनी त्यांतील २२.५ टक्के मुलींना पीसीओएस ठरत होता, तर अधिक काटेकोर निकषांनी १०.७ टक्के मुलींनाच. कोवळ्या वयात घाईने लावलेले निदान मुलगी आयुष्यभर बाळगते.

पाळीच्या तारखा दिनदर्शिकेवर लिहून ठेवा. दोन पाळ्यांमधले अंतर वारंवार ४५ दिवसांपेक्षा अधिक होऊ लागले, एकदाही ९० दिवसांच्या पुढे गेले, किंवा हनुवटी, छाती व पोटावर राठ केस येऊ लागले तर पुन्हा दाखवा. तोवर तिच्या वजनाचा विषय घरात कोणीही काढू नये, ही माझी कळकळीची विनंती आहे. या वयातली उपासमार वाढीला मारक असते आणि पाळी अनियमित होण्याचे ते स्वतंत्र कारणही आहे. सगळ्या घराने एकत्र बसून तेच अन्न जेवावे, तिला खेळायला पाठवावे, आणि दोन-तीन आठवड्यांत जेवण पूर्ववत झाले नाही तर मानसोपचारतज्ज्ञांचा किंवा समुपदेशकांचा सल्ला घ्यावा.

प्रश्न : वय २७, उंची ५ फूट २ इंच, वजन ५२ किलो. पाळी अनियमित आहे, मानेवर आणि काखेत काळपट पट्टे आले आहेत. रक्तातील साखर चांगली असूनही मला मेटफॉर्मिन दिले आहे. औषध दुकानदार म्हणाले, ही शुगरची गोळी आहे. गोळीने पोट बिघडते, म्हणून आठवड्यातच बंद केली. मैत्रीण इनोसिटॉलची पावडर घेते. ती बरी का? मी तर बारीक आहे, मला हा आजार कसा? — वाचक, इचलकरंजी

उत्तर : तुमचा बीएमआय, म्हणजे उंचीच्या मानाने वजन दाखवणारा निर्देशांक, साधारण २१ आहे, परंतु हा आकडा चरबी किती आणि कुठे आहे हे सांगत नाही. पुण्याच्या केईएम रुग्णालयातील मधुमेहतज्ज्ञ डॉ. चित्तरंजन याज्ञिक आणि ब्रिटनमधील त्यांचे सहकारी डॉ. जॉन यडकिन यांनी २००४ साली ‘द लॅन्सेट’मध्ये आपलीच तुलना छापली होती. दोघांचा बीएमआय सारखाच, २२.३, पण शरीरातील चरबी यडकिन यांची ९.१ टक्के तर याज्ञिक यांची २१.२ टक्के होती. बारीक दिसणाऱ्या भारतीय शरीरात, विशेषतः पोटाभोवती, चरबी दडलेली असू शकते. म्हणून वजनकाट्याबरोबर टेपही वापरा. भारतीय स्त्रियांमध्ये कमरेचा घेर ८० सेंटिमीटरपर्यंत असावा. मानेवरचे मखमली, काळपट पट्टे हा मळ नव्हे, घासून ते जाणार नाहीत. शरीर इन्सुलिनला दाद देत नसल्याची ती खूण आहे. तुमच्या डॉक्टरांनी ही खूण पाहूनच मेटफॉर्मिन दिले असावे.

मेटफॉर्मिन मधुमेहात देतात हे खरे, पण तुम्हाला ते मधुमेह झाला म्हणून दिलेले नाही. यकृतातून सुटणारी साखर ते कमी करते आणि इन्सुलिनला शरीर अधिक दाद देऊ लागते. ते एकटे घेतल्याने साखर धोकादायक पातळीपर्यंत खाली जात नाही. काहींची पाळी त्याने काही महिन्यांत सुधारते, मात्र केसांवर त्याचा फारसा परिणाम होत नाही. पोट बिघडणे हा त्याचा नेहमीचा त्रास आहे आणि तो बहुतेक वेळा सुरुवातीलाच मोठी मात्रा घेतल्याने किंवा रिकाम्या पोटी घेतल्याने होतो. ५०० मिलिग्रॅमपासून सुरुवात करून दर एक-दोन आठवड्यांनी मात्रा वाढवत न्यावी, गोळी जेवणाच्या मध्यावर, म्हणजे दोन घास खाऊन झाल्यावर घ्यावी, आणि तरीही त्रास झाला तर सावकाश विरघळणाऱ्या प्रकारची गोळी लिहून मागावी. मेटफॉर्मिन अनेक वर्षे घेतल्यास ब जीवनसत्त्वांपैकी बी-१२ कमी होऊ शकते. आपल्याकडील शाकाहारी घरांत ते आधीच कमी असते, त्यामुळे हातापायांना मुंग्या येण्याची वाट न पाहता त्याची तपासणी करून घ्यावी.

इनोसिटॉलपासून मोठा अपाय दिसलेला नाही, पण त्याच्या उपयोगाचे पुरावे अजून तोकडे आहेत आणि महिन्याचा खर्च मेटफॉर्मिनपेक्षा कितीतरी अधिक येतो. ते घ्यायचेच असेल तर खर्च झेपतो का ते पाहा, आणि त्याच्या भरवशावर दुसरे औषध सोडू नका. फास्टिंग इन्सुलिन, म्हणजे उपाशीपोटी रक्तातील इन्सुलिन मोजण्याची तपासणी, अनेकींना करायला सांगितली जाते. तिच्या आकड्यांवर फार भिस्त ठेवता येत नाही आणि उपचार ठरवायला तिची गरजही नाही. त्या पैशात ७५ ग्रॅम ग्लुकोज पिऊन दोन तासांनी साखर तपासून घ्यावी, कारण उपाशीपोटी साखर चांगली असूनही दोन तासांनंतरची वाढलेली आढळू शकते. गेल्या दोन-तीन महिन्यांतील सरासरी साखर दाखवणारी एचबीए१सी तपासणीही चालते, मात्र हिमोग्लोबिन कमी असेल तर तिचा आकडा फसवा येतो.

पत्रात तुम्ही संकष्टी आणि श्रावणातल्या उपवासांचाही उल्लेख केला आहे. उपवास करायला हरकत नाही. साबुदाणा मात्र जवळजवळ निव्वळ पिष्ट पदार्थ आहे आणि बटाटा घालून केलेली त्याची ताटभर खिचडी साखर झपाट्याने चढवते. त्याऐवजी थोडी वरी, दाण्याची आमटी, ताक आणि एखादे फळ असा उपवास करून पाहा. बारीक आहात म्हणून जेवण कमी करू नका. तुम्हाला वजन घटवायचे नसून स्नायू वाढवायचे आहेत, त्यामुळे चालण्याइतकाच वजन उचलण्याचा व्यायाम करा.

प्रश्न : माझे वय ३१, लग्नाला तीन वर्षे झाली. पाळी दोन महिन्यांनी येते. डॉक्टरांनी पाळीच्या तिसऱ्या दिवसापासून पाच दिवस लेट्रोझोल घ्यायला सांगितले आहे. माहिती शोधली तर ते स्तनाच्या कर्करोगाचे औषध असल्याचे आणि भारतात त्यावर बंदी असल्याचे वाचले. घरचे म्हणतात, आधी वजन उतरव, मग औषधांचे पाहू. ह्यांची अजून कुठलीच तपासणी झालेली नाही. — वाचक, नागपूर

उत्तर : तुमच्या शेवटच्या वाक्यापासून सुरुवात करते. यजमानांची वीर्यतपासणी या महिन्यातच करून घ्या. ती साधी, स्वस्त आणि एका दिवसात होणारी तपासणी आहे, आणि ती न करता बायकोला महिनोन्‌महिने औषधे देत राहणे मला अन्यायाचे वाटते. तुमच्या पाळीचा दोष ठाऊक आहे म्हणून त्यांच्या बाजूला काहीच नसेल असे गृहीत धरता येत नाही.

लेट्रोझोल स्तनाच्या कर्करोगात वापरतात, हे बरोबर आहे. ते शरीरातील इस्ट्रोजेन तात्पुरते कमी करते. मेंदूतील ग्रंथीला ही घट जाणवते आणि ती बीजांडकोषातील कोष वाढवणारे संप्रेरक जास्त सोडते. त्यामुळे अडलेल्या कोषांपैकी एखादा पुढे वाढतो आणि बीज सुटते. पाच दिवसांची थोडी मात्रा त्यासाठी पुरते आणि गर्भ रुजण्याच्या वेळेपर्यंत औषध शरीरातून बहुतांशी निघून गेलेले असते. वंध्यत्वासाठी त्याच्या वापरावर भारत सरकारने २०११ साली बंदी घातली होती, ती २०१७ साली उठवली गेली. तुम्ही वाचलेली माहिती जुनी आहे. दरम्यान २०१४ साली अमेरिकेतील ७५० स्त्रियांच्या चाचणीचे निष्कर्ष प्रसिद्ध झाले: पाच पाळीचक्रांपर्यंतच्या उपचारांत लेट्रोझोल घेणाऱ्यांपैकी २७.५ टक्के स्त्रियांना मूल झाले, तर पूर्वापार वापरातल्या क्लोमिफिनवर १९.१ टक्के. आज पीसीओएसमध्ये बीज सुटण्यासाठी पहिली पसंती लेट्रोझोललाच दिली जाते. गोळी सुरू करण्याआधी गरोदर नसल्याची खात्री करून घ्यावी आणि निदान पहिल्या चक्रात सोनोग्राफीने कोषाची वाढ पाहावी.

वजनाविषयी घरच्यांचे म्हणणे अर्धे बरोबर आहे. वजन अधिक असल्यास त्यातील थोडे उतरल्याने औषधाचा गुण येण्यास आणि गरोदरपण सुरळीत जाण्यास मदत होते, म्हणून तीन-चार महिने मनापासून प्रयत्न करून पाहणे योग्य. पण वजन हवे तितके उतरेपर्यंत उपचार रोखून धरले तर एकतिशीची पस्तिशी व्हायला वेळ लागत नाही आणि वयाने होणारी हानी कोणत्याही गोळीने भरून निघत नाही. दोन्ही एकदमच सुरू ठेवा. फॉलिक अॅसिडची ४०० मायक्रोग्रॅमची गोळी आजपासून घ्या, थायरॉइड तपासून घ्या आणि दिवस राहिल्यावर पहिल्याच भेटीत साखरेची तपासणी करायला सांगा, कारण पीसीओएस असलेल्या स्त्रियांना गरोदरपणातील मधुमेह होण्याची शक्यता अधिक असते.

प्रश्न : हनुवटीवरचे केस दर चार दिवसांनी काढावे लागतात. गर्भनिरोधक गोळ्या तीन महिने घेतल्या, काही फरक नाही. रेझर वापरला तर केस वाढतात का? लेझर करावे का? — वाचक, फोंडा, गोवा

उत्तर : तीन महिने पुरेसे नाहीत. त्वचेत आधीच रुजलेला राठ केस आपले आयुष्य पुरे करतो, म्हणून गोळीचा परिणाम दिसायला किमान सहा महिने लागतात. तेवढ्याने भागले नाही तर स्पायरोनोलॅक्टोनसारखे पुरुषी संप्रेरकांना अटकाव करणारे औषध जोडता येते. मात्र ते घेताना गर्भ राहता कामा नये, कारण मुलगा असल्यास त्याच्या वाढीवर दुष्परिणाम होऊ शकतो. रेझरने केस वाढत नाहीत, ते फक्त बोथट कापले गेल्याने खरखरीत लागतात. लेझरचा काळ्या केसांवर चांगला उपयोग होतो, पण आतून संप्रेरकांवर उपचार सुरू नसतील तर नवे केस येत राहतात आणि पैसे वाया गेल्यासारखे वाटते. केस काही महिन्यांतच झपाट्याने वाढले, आवाज घोगरा झाला किंवा डोक्यावर पुरुषांसारखे टक्कल पडू लागले, तर तो साधा पीसीओएस नसण्याची शक्यता असते; अशा वेळी लगेच तपासून घ्यावे. गोळ्या सुरू असताना टेस्टोस्टेरॉन हे पुरुषी संप्रेरक मोजू नका, आकडा खोटा दिलासा देतो. मोजायचेच असेल तर डॉक्टरांच्या सल्ल्याने गोळ्या थांबवून तीन महिन्यांनी मोजावे लागते.

प्रश्न : वय ४५. तरुणपणी पीसीओएस होता, दुसऱ्या बाळंतपणात साखरही वाढली होती. गेली चार-पाच वर्षे पाळी अगदी नियमित आहे. आता हा आजार संपला असे समजावे का? — वाचक, ठाणे

उत्तर : चाळिशीच्या आसपास अनेकींची पाळी आपोआप नियमित होते, त्यामुळे तुमचा अनुभव नेहमीचाच आहे. इन्सुलिनची बाजू मात्र पाळीबरोबर सुधारत नाही. त्यात गरोदरपणात साखर वाढली होती, म्हणजे मधुमेहाचा धोका दोन बाजूंनी आहे. उपाशीपोटी आणि ७५ ग्रॅम ग्लुकोजनंतरची साखर तुम्ही दर वर्षी तपासावी. रक्तदाब प्रत्येक भेटीत मोजावा आणि कोलेस्टेरॉलही पाहून घ्यावे. झोपेत मोठ्याने घोरत असाल आणि दिवसा डुलक्या येत असतील तर तेही सांगा, कारण झोपेत श्वास अडकण्याचा विकार पीसीओएस असलेल्या स्त्रियांत अधिक आढळतो. मन सतत उदास राहत असेल तर त्याचीही तक्रार म्हणून नोंद करा. या विकारात नैराश्य आणि चिंता यांचे प्रमाण जास्त असते आणि दोन्हींवर उपचार आहेत.

पाळी पुन्हा लांबू लागली तर या वयात ती रजोनिवृत्तीची सुरुवात असू शकते. परंतु लांबलेल्या पाळीनंतर अतिशय रक्तस्राव झाला, दोन पाळ्यांच्या मध्ये रक्त गेले, किंवा पाळी पूर्ण थांबून वर्ष उलटल्यावर एक डाग जरी दिसला, तरी ‘वयाचे असेल’ म्हणून सोडून देऊ नका. त्याच आठवड्यात स्त्रीरोगतज्ज्ञांकडे जाऊन सोनोग्राफीने गर्भाशयाच्या अस्तराची जाडी मोजून घ्या आणि त्यांना गरज वाटल्यास अस्तराचा नमुना तपासायला द्या.